सबनीस काय करतील?

विद्याधर केळुसकरांचा जगात कोणावर म्हणून विश्वास नव्हता, आणि आमच्या ठाकूरद्वारच्या चाळीत त्यांच्याइतका सगळ्यांना आपला वाटणारा माणूस दुसरा नव्हता. हे दोन्ही एकाच माणसात कसं काय नांदत होतं, ते मला आजही सांगता येणार नाही. मी त्यांची शेजारीण. आमच्या खोल्यांमध्ये एक भिंत, आणि तीही नावाला. त्यांच्याकडे फोडणी पडली की शिंका आम्हाला यायच्या.

सगळी चाळ त्यांना भाऊ म्हणायची. परळला एका सहकारी बँकेच्या मुख्य कार्यालयात भाऊ कामाला होते. लागले क्लार्क म्हणून. बँकेत पहिले कॉम्प्युटर आले तेव्हा बाकीची मंडळी लांबून बघत उभी राहिली, आणि हे प्लास्टिकचं कव्हर काढून समोर बसले ते तिथेच चिकटले. तारेतून येणाऱ्या चोरांपासून बँकेला सांभाळायचं, हे त्यांचं काम. वर्षानुवर्षं केलं. हुद्दा मात्र काय, तर 'सीनियर ऑफिसर (इतर)'. ते कंसातलं 'इतर' त्यांना फार लागायचं. "मेधा, बँकेला आग लागली तर बोलावणार मला, आणि फोटो काढायचा असला की मी इतर," असं म्हणून ते हसायचे, पण ते हसणं काही खरं नसे.

दिसायला बारीक, उंच, किंचित वाकलेले. रस्त्याने जाताना बंद दुकानाचं कुलूप दिसलं की हात घालून ओढून बघायचे. दुकान कुणाचं का असेना! एकदा एका सोनाराच्या कुलपाला असं ओढताना हवालदाराने धरलं, तेव्हा यांनी उलट त्यालाच ऐकवलं की हे कुलूप चिल्लर आहे, तुम्ही मालकाला कळवायला हवं होतं. हवालदार बिचारा "हो, सांगतो," म्हणाला म्हणे.

चाळीवर त्यांचे प्रयोग चालायचे. अनोळखी नंबरवरून चाळीच्या ग्रुपवर मेसेज यायचा: 'उद्यापासून पाणी बंद, चालू ठेवण्यासाठी येथे दाबा.' संध्याकाळी भाऊ चहाचा कप घेऊन गॅलरीत उभे. "आज कोणी कोणी दाबलं ते मला माहीत आहे. मी नावं घेणार नाही." आणि मग एकेक करून सगळी नावं घ्यायचे. पहिलं नाव बहुतेक वेळा वहिनींचं. चारचौघांत नवऱ्याने असं केल्यावर कोणती बाई गप्प बसेल? वहिनींनी मला हाताशी धरलं. माझ्या भाच्याच्या नंबरवरून आम्ही भाऊंना मेसेज टाकला: 'ताजे बांगडे, आज संध्याकाळी घरपोच, आगाऊ नावनोंदणी आवश्यक.' मालवणी माणूस तो. पाच मिनिटांत नाव, पत्ता, जन्मतारीख, सगळं भरून मोकळा! शिवाय खाली लिहिलं होतं, 'अंडी असलेले द्यावेत.' त्या संध्याकाळी वहिनी चहाचा कप घेऊन गॅलरीत उभ्या राहिल्या. भाऊंनी आठवडाभर कोणाला उपदेश केला नाही.

मग वरून फतवा आला. प्रत्येक बँकेत माहितीच्या सुरक्षेसाठी एक अधिकारी हवा, आणि त्याने जगभर मानली जाणारी ती वरच्या दर्जाची परीक्षा पास केलेली हवी. जनरल मॅनेजर सबनीस साहेबांनी भाऊंना केबिनमध्ये बोलावलं. हे सबनीस मी एकदाच पाहिले, बँकेच्या स्नेहसंमेलनात. गोरे, गुळगुळीत, आणि वेटरने "व्हेज की नॉनव्हेज?" विचारल्यावर "बघू" म्हणणारे. ते भाऊंना म्हणाले, "केळुसकर, काम तुम्हीच करता हो, त्यात वाद नाही. पण कागद लागतो. मार्चपर्यंत आणलात तर खुर्ची तुमची. नाहीतर बाहेरून माणूस घ्यावा लागेल, मग तुमचं एखाद्या शाखेत बघू." म्हणजे ज्या घराला यांनी आयुष्यभर राखलं, तिथे किल्ल्या दुसऱ्याच्या हातात आणि हे काउंटरवर पासबुकं छापत बसणार. भाऊ घरी आले ते जेवलेच नाहीत. चौपन्नाव्या वर्षी माणूस परीक्षेला बसला.

अभ्यासाचं पुस्तक विटेएवढं. प्रश्न वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. मी दातांच्या डॉक्टरांकडे अपॉइंटमेंटी घेते, माझं इंग्रजी बरं आहे एवढीच लायकी. दवाखान्यातून आले की मी त्यांच्या उंबऱ्यात मेथी निवडत बसायची, मांडीवर पुस्तक, आणि भाऊ आत येरझाऱ्या घालत उत्तरं द्यायचे.

"इमारतीला आग लागली आहे," मी वाचायची. "सर्वांत आधी काय वाचवाल?"

"बॅकअपच्या टेपा!"

"चूक. माणसं."

"अगं, माणसं आपली आपण पळतात. टेप पळते का?"

"भाऊ, पुस्तक म्हणतंय माणसं."

"पुस्तकाने आमच्या ऑफिसातली माणसं पाहिलेली नाहीत," असं म्हणून ते पुढचा प्रश्न मागायचे.

पुढचा प्रश्न म्हणजे आणखी आनंद. चोर आत शिरलाय असं तुमच्या लक्षात आलं, तर पहिलं पाऊल काय? भाऊ लगेच, "वायर उपट!" पुस्तक म्हणे, वरिष्ठांना कळवा. एखादा दरवाजा कच्चा आहे असं दिसलं तर? भाऊ, "आत्ताच्या आत्ता दुरुस्त कर!" पुस्तक म्हणे, धोका किती मोठा आहे ते मापून व्यवस्थापनापुढे ठेवा. दर प्रश्नाला हेच. भाऊंचं उत्तर धावायचं आणि पुस्तकाचं उत्तर खुर्चीतून उठायचंच नाही. शेवटी त्यांनी पुस्तक माझ्या मांडीवरून ओढून घेतलं. "ही काय परीक्षा आहे? चोर घरात आणि मी नोट टाइप करत बसू? तीस वर्षं वायरी उपटून बँक वाचवली, ते सगळं चूक?" डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. रागाचं असेल, पण पाणी होतं.

वहिनी ओट्यापाशी भाकऱ्या थापत होत्या. मागे वळूनही न बघता त्या म्हणाल्या, "तुम्ही कशाला उत्तर देताय? प्रत्येक प्रश्नाला मनात विचारा, सबनीस काय करतील? तेच लिहा."

भाऊ थबकले. मग मला म्हणाले, "वाच गं एक."

मी वाचला. त्यांनी डोळे मिटले, पोट थोडं पुढे काढलं, आणि सबनिसांच्या आवाजात म्हणाले, "बघू. आधी सगळी माहिती गोळा करा. नोट टाका. कमिटीपुढे ठेवू."

बरोबर! पुढचा? बरोबर. त्याच्या पुढचा? तोही बरोबर. आम्ही तिघंही हसून हसून लोळलो. त्या दिवसापासून केळुसकरांच्या खोलीत रोज संध्याकाळी सबनीस अवतरायचे आणि धडाधड मार्क मिळवायचे.

परीक्षा घरून देता येत होती. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यातून पलीकडचा कोणीतरी परदेशातला पर्यवेक्षक बघत राहणार. अटी अशा, की खोलीत दुसरं माणूस नको, आवाज नको, तोंडातून शब्द काढायचा नाही, खुर्चीवरून उठायचं नाही, फोन बंद. शहाण्या माणसाने सरळ परीक्षा केंद्रावर जावं की नाही? पण भाऊंचं म्हणणं, तिथल्या मशीनवर माझा विश्वास नाही. बरं, चाळीत तरी सांगून ठेवावं ना! तेही नाही. "माहिती गरजेपुरतीच द्यायची," हा त्यांचा नियम. गरज होती फक्त वहिनींना आणि मला. झालं नाही तर चारचौघांत शोभा नको, हे त्यामागचं खरं कारण, ते मला ठाऊक होतं.

परीक्षेच्या दिवशी वहिनींना त्यांनी लालबागला बहिणीकडे धाडलं. मी दवाखान्यात. भाऊंनी खिडकीवर चादर लावली, दाराला आतून कडी घातली आणि बसले.

आता हे चाळीतल्या माणसालाच कळेल. आमच्याकडे सकाळी दार उघडलं की झोपायला जाईपर्यंत ते उघडंच. दिवसाढवळ्या दार बंद म्हणजे घरात काहीतरी भलतंच झालंय. माणूस बाहेर गेला असेल तर बाहेरून कुलूप तरी दिसतं. इथे कुलूप नाही, कडी आतून, खिडकीला चादर, वहिनी सकाळीच पिशवी घेऊन गेलेल्या, आणि भाऊंच्या चपला दाराशी. टोकाच्या खोलीतले आबा पेडणेकर, वय ऐंशीच्या घरात, त्यांनी हे पाहिलं. दार वाजवलं. उत्तर नाही. फोन लावला, बंद. पुन्हा वाजवलं. "विद्याधरा, अरे झिला, दार उघड रे! काय झाला तुका?" आतून खुर्ची करकरल्याचा आवाज, शब्द एक नाही. आबांचा स्वतःचा भाऊ असाच बंद खोलीत वारला होता. त्यांनी अख्खा मजला गोळा केला. दोघांनी खांदे लावले, कडी उचकटून आली, आणि सगळा लोंढा आत.

समोर भाऊ, जिवंत. लॅपटॉपपुढे ताठ बसलेले, ओठ घट्ट मिटलेले, आणि दोन्ही हातांनी 'जा, जा' करतायत. आबांना वाटलं, वाचा गेली! त्यांनी भाऊंचं डोकं छातीशी धरलं आणि रडायलाच लागले. "बोल मां काय तरी! एक शब्द तरी बोल!" कोणी कांदा फोडून नाकाशी धरला, कोणी पाय चोळायला बसलं. पलीकडे तो पर्यवेक्षक हे सगळं बघत होता. त्याने काय समजायचं ते समजून स्क्रीनवर लाल पट्टी आणली: परीक्षा रद्द.

मग भाऊ बोलले. "आबा, मी बरा आहे हो."

मी परत आले तेव्हा मोडकी कडी दाराशी पडलेली आणि आबा पायरीवर मान खाली घालून बसलेले. त्यांना कोणीतरी सांगितलं होतं की काय झालं ते. भाऊ त्यांच्या शेजारी बसले होते. मला वाटलं होतं, आज हा माणूस कडाडणार. पण ते आबांना समजावत होते, "तुमची काही चूक नाही. धोका कुठून येईल याचा मी सगळा विचार केला, फक्त तुमचा केला नाही." आबांना त्यातलं काय कळलं देव जाणे. फी बुडाली, मार्च जवळ आला, आणि दुसरी संधी एकच उरली.

दुसऱ्या वेळी गपचूप काही करायची सोयच नव्हती. अख्ख्या चाळीला पाठ झालं होतं की केळुसकरांची परीक्षा आहे आणि प्रत्येक प्रश्नाला सबनीस आठवायचे आहेत. परळला जुन्या गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत केंद्र होतं. भाऊ निघाले तेव्हा गॅलरीभर माणसं उभी. वहिनींनी हातावर दही घातलं. आबा वरून ओरडले, "घाई करू नको रे! नोट टाक!" खालून जाणाऱ्या बाया बघायला लागल्या.

पास झाले. टॅक्सीतून उतरताना त्यांनी हात वर केला मात्र, आणि आबांनी जो काही आवाज काढला! पेढे आबांनी वाटले, स्वतःच्या खिशातून. भाऊंना मी बाजूला विचारलं, "कसं वाटतंय?" तर म्हणाले, "मला काय विचारतेस? पास सबनीस झाले. मी असतो तर नापास झालो असतो." मस्करीत म्हणाले, पण पेढा हातातच होता, खाल्ला नव्हता.

खुर्ची मिळाली. केबिन मिळाली, दारावर इंग्रजी पाटी. भाऊंनी बँकेसाठी नियमावली लिहिली, अगदी परीक्षेला शोभेल अशी. त्यातला मुख्य नियम असा, की जनरल मॅनेजरच्या लेखी परवानगीशिवाय कोणीही कोणतीही यंत्रणा बंद करायची नाही. खात्यातल्या पोरापोरींकडून त्यांनी तो घोटून घेतला. बदल आमच्याही लक्षात आला. पाण्याची मोटर बिघडली की पूर्वी हे पाना घेऊन खाली पळायचे. आता म्हणायला लागले, "आधी नोंद करू, मग बघू." वहिनी मला म्हणाल्या, "मेधा, माझ्या घरात सबनीस राहायला आलाय गं. मीच बोलावला मेल्याला." मला हसू आलं, पण त्या हसत नव्हत्या.

जानेवारीत चाळीची सत्यनारायणाची पूजा असते. पुढच्या वर्षी यजमानपणाचा मान केळुसकर जोडप्याला. रविवार सकाळ. भाऊ सोवळं नेसून पाटावर, शेजारी वहिनी, भटजी दुसरा अध्याय सांगतायत, आणि पाटाखाली ठेवलेला फोन थरथरायला लागला. एकदा, दोनदा. भाऊंनी उचलला. ऑफिसात रविवारच्या ड्यूटीवर सायली कांबळे होती, परळच्याच चाळीतली, हुशार मुलगी. भाऊंनीच तिला तयार केलं होतं. ती म्हणाली, "सर, फायलींची नावं आपोआप बदलतायत. एकेक करून लॉक होतायत. काय करू?"

मी प्रसादाचं ताट घेऊन जवळच होते. भाऊंचा चेहरा उतरला.

"वायर काढ," ते म्हणाले.

"सर, जीएमची लेखी परवानगी?"

"सायली, वायर काढ!"

"सर, तुम्हीच लिहिलंय. परवानगीशिवाय कोणी सांगितलं तरी ऐकायचं नाही. तुमचा आवाज काढून दुसरंच कोणी बोलत असेल, असंही तुम्हीच शिकवलंय."

तिचं काय चुकलं होतं? भाऊंनी सबनिसांना फोन लावला. बंद. ते मुलाच्या लग्नासाठी परदेशी गेलेले. पुन्हा लावला, मेसेज टाकला. मग फोन धरून तसेच बसले. भटजी कथा थांबवून बघतायत, सगळी चाळ बघतेय. वहिनी इतक्या हळू म्हणाल्या की फक्त आम्हीच ऐकलं, "मी सबनिसांशी लग्न नाही केलं."

भाऊ उठले. सोवळ्यातच, अंगावर उपरणं, कपाळाला गंध, पायांत दुसऱ्याच कुणाच्या चपला. जिना उतरून टॅक्सीला हात केला आणि गेले. भटजी गोंधळले. म्हणाले, "बायको नसेल तर सुपारी मांडतात. नवऱ्याच्या जागी… बरं, चालवून घेऊ." पाटावर सुपारी ठेवून वहिनींनी पूजा पुरी केली.

पुढचं सायलीने सांगितलं. सर त्या पितांबरात आले, वॉचमनने ओळखलंच नाही, कोणी भटजी समजून बाजूला झाला. सर सर्व्हरच्या खोलीत गेले आणि दोन्ही हातांनी वायरी उपटायला लागले. एकीकडे उपटत होते, एकीकडे तिला ओरडून सांगत होते, "तू काही केलं नाहीस, लक्षात ठेव! सगळं मी केलं!" बँक दिवसभर बंद राहिली, पण खातेदारांचं काही गेलं नाही.

सबनीस परत आले आणि चौकशी बसली. भाऊंनी स्वतः लिहिलेली नियमावली टेबलावर ठेवून सबनिसांनी त्यांना विचारलं, "अशा वेळी योग्य कृती काय होती?"

भाऊ म्हणाले, "साहेब, योग्य उत्तर तुमची वाट बघणं. परीक्षेत हा प्रश्न आला असता तर मी वाट बघितली असती आणि मार्क मिळवला असता."

खुर्ची गेली. बाहेरून माणूस आला. भाऊंची बदली भायखळ्याच्या शाखेत, काउंटरवर. आणि पुढे एका मोठ्या हॉटेलात सहकारी बँकांचा समारंभ झाला, त्यात 'संकटकाळातील नेतृत्व' या विषयावर सबनिसांचं भाषण झालं! मला इतका संताप आला, की त्यांच्या दाढा आमच्या डॉक्टरांकडे भूल न देता काढायला मिळाव्यात असं मी मनोमन म्हटलं. भाऊंना तसं सांगितलं तर ते म्हणाले, "बघू."

त्यानंतर चाळ रिकामी करायची नोटीस आली आणि आम्ही सगळे पांगलो. केळुसकर लवकर निवृत्ती घेऊन गावी केळुसला जाणार असं कळलं, म्हणून एका दुपारी मुद्दाम भायखळ्याला गेले. शाखा भाजीबाजाराजवळ, आत कोथिंबिरीचा वास. काउंटरमागे भाऊ पासबुक छापत होते. मला बघून त्यांनी आतून स्टूल दिलं.

"भाऊ, वाईट वाटतं का हो?"

"वाटतं ना," ते लगेच म्हणाले. "खोटं कशाला बोलू? खुर्ची छान होती गं. पंचावन्न वर्षांत पहिल्यांदा दारावर नाव होतं." त्यांनी पासबुकाचं पान उलटून पुन्हा मशीनमध्ये सरकवलं. "पण त्या दिवशी हात शिवशिवत होते, मेधा. नसते हलले तर मी घरी कोणत्या तोंडाने गेलो असतो?"

इतक्यात रांगेतली एक भाजीवाली आजी पुढे झाली. तिने डेबिट कार्ड काउंटरवर आपटलं आणि सगळ्या शाखेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "केळुस्कर, मशीन माझं ऐकत नाही. तूच काढ पैसं. नंबर घे, दोन, सात—"

"आजी! आजी, नका सांगू!"

"अरे, तुला नाही सांगायचं तर कुणाला सांगायचं?" म्हणून ती आणखी मोठ्याने पहिल्यापासून सुरू झाली.

मी निघाले तेव्हा भाऊ काउंटरमागे उभे होते, डोळे मिटून, दोन्ही कानांवर हात घट्ट दाबून. रांगेतली माणसं हसत होती, आणि आजी आपला नंबर सांगतच होती.